माल्कमचं खोरं

महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला ज्याचं नाव पडलं, त्या सर जॉन माल्कमचं मूळ घर स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेलगत, एस्क नदीच्या खोऱ्यात. १८१८ साली दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमला. पुढे १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. स्कॉटलंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी एडिंबरा, लॉख नेस, स्काय बेट असा फेरा मारून येतात आणि निम्मी सुट्टी गाडीतच सरते. माझं आग्रहाचं सांगणं आहे, एकच खोरं निवडा आणि तिथे मुक्काम टाका.

लँगहम हे एस्कच्या खोऱ्यातलं मुख्य गाव. दगडी घरं, जुन्या लोकरगिरण्या, वस्ती दोन हजारांच्या आसपास. इथली रेल्वे १९६४ सालीच बंद झाली, त्यामुळे कार्लाइलला उतरून बसने यायचं. गावामागच्या व्हिटा टेकडीवर सुमारे तीस मीटर उंचीचा दगडी स्तंभ आहे, १८३५चा, माल्कमच्या स्मरणार्थ. वाट बहुधा ओली असते, बूट चांगले हवेत. हवा स्वच्छ असेल तर वरून सॉल्वेची खाडी आणि पलीकडे इंग्लंडमधले डोंगर दिसतात. पेशवाईचा शेवट ज्याच्या छावणीत झाला, त्याचा मुलूख इथे पायाखाली पसरलेला असतो. मराठी माणसाचं पाऊल या माथ्यावर थोडं जास्त रेंगाळतं.

जवळच कवी ह्यू मॅकडायर्मिडचं उघड्या पुस्तकासारखं धातूचं स्मारक आहे. तो लँगहमचाच, जन्म १८९२चा.

स्तंभामागचं टॅरसचं माळरान पिढ्यान्‌पिढ्या बक्लूच्या ड्यूक घराण्याकडे, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. ते विकायला निघालं तेव्हा गावकऱ्यांनी देणग्या गोळा केल्या आणि २०२१ साली ५,२०० एकर विकत घेतले. पुढच्याच वर्षी जवळजवळ तेवढेच आणखी घेतले. एवढ्याशा गावाने हे केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आता ते निसर्ग राखीव क्षेत्र आहे. वसंतात भोवत्या जातीच्या शिकारी पक्ष्याचा राखाडी नर मादीसाठी आकाशात उंच चढतो आणि कोलांट्या घेत खाली येतो. ऑगस्टात हेदरच्या फुलांनी रान जांभळं होतं. २००३च्या कायद्याने स्कॉटलंडच्या रानात कुणालाही जबाबदारीने फिरता येतं. फाटक उघडलं तर पुन्हा लावायचं आणि मेंढ्यांना बुजवायचं नाही, एवढं पाळावं.

नदीच्या उगमाकडे निघालं की वेस्टरकर्क लागतं. मेनाईचा झुलता पूल बांधणारा थॉमस टेलफर्ड १७५७ साली याच परिसरात एका मेंढपाळाच्या घरी जन्मला. गवंडीकामाचे धडे त्याने लँगहममध्ये गिरवले. इथल्या खाणकामगारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेल्या वाचनालयाला त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले. ते आत जाऊन पाहायचं तर आधी चौकशी करावी.

आणखी वर, एस्कडेलम्यूरला, साम्ये लिंग हा १९६७ साली स्थापन झालेला तिबेटी बौद्ध मठ. मेंढ्यांच्या कुरणांमधून वळण घेताच सोनेरी कळस दिसतो. मंदिर पाहता येतं, ध्यानशिबिरांसाठी राहताही येतं.

जमेल तर जुलैअखेर जा. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी लँगहममध्ये कॉमन रायडिंग असतं. गावाच्या सामायिक जमिनीच्या हद्दी तपासायची ही जुनी रीत. निशाण घेतलेला तरुण पुढे, मागे घोडेस्वारांचा तांडा, आणि कर्क विंडच्या अरुंद चढावर सगळे घोडे चौखूर उधळतात. मिरवणुकीत भलंमोठं काटेरी थिसल, फुलांचा मुकुट, फावडं आणि लाकडी ताटलीवर खिळ्याने ठोकलेली जवाची भाकरी नि खारा मासा असतो. परगावी गेलेले लँगहमकर या दिवसासाठी परततात, त्यामुळे खोली काही महिने आधीच ठरवून ठेवावी.