वैक्रान्ताची क्षेत्रपरीक्षा

महारसांच्या गणनेत अभ्रकापाठोपाठ वैक्रान्त येतो. वज्राच्या अभावी योजावयाचे द्रव्य म्हणून रसवैद्यांनी त्याला मान दिला. परंतु अभ्रक वा माक्षिक ओळखण्यात जी सहजता आहे ती वैक्रान्ताच्या बाबतीत नाही. बहुतेक अभ्यासक वैक्रान्त म्हणजे तुरमली (टूर्मलीन) असे मानतात, तर काहींच्या मते तो फ्लोरस्पार होय. हा वाद केवळ शब्दार्थाचा नव्हे. तुरमली हे बोरॉनयुक्त सिलिकेट खनिज आहे; फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग फ्लोरिनचा असतो. फ्लोराइडच्या अतिसेवनाने दात व अस्थी यांवर होणारे परिणाम आपणांस ज्ञात आहेतच.

संभ्रमाचे मूळ ग्रंथोक्त लक्षणांतच आहे. रसरत्नसमुच्चयाने वैक्रान्त आठ फलकांचा, षट्कोण, मसृण व गुरू सांगितला आणि वर्णभेदाने त्याचे आठ प्रकार मानले. आठ फलक व सहा कोन ही आकृती फ्लोरस्पारच्या अष्टफलकी तुकड्याला चपखल बसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. उलट षट्कोण हे विशेषण स्तंभाच्या छेदाला लावले तर ते तुरमलीकडे झुकते. वर्णाने निर्णय होत नाही, कारण दोन्ही खनिजे नाना रंगांत आढळतात. गुरुत्वानेही होत नाही: दोहोंची विशिष्ट घनता ३.१ च्या आसपासच. माझ्या मते जोवर ग्रंथार्थ निर्विवाद ठरत नाही, तोवर आभ्यंतर प्रयोगासाठी फ्लोरस्पार ग्राह्य मानू नये.

परीक्षा करावयाची ती अखंड स्फटिकाची, आणि शक्यतो उगमस्थानी. खलात चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी काहीच सांगता येत नाही. तुरमली मुख्यतः ग्रॅनाइटशी संबंधित पेग्मटाइट शिरांत व रूपांतरित खडकांत, क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक यांच्या सान्निध्यात सापडते. झारखंडातील कोडरमा, आंध्रातील नेल्लोर आणि राजस्थानातील अभ्रकपट्टे हे तिचे परिचित प्रदेश. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्टचा असल्याने तेथे तिची अपेक्षा करू नये. पूर्व विदर्भातील प्राचीन खडकांत मात्र ती मिळते. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील खाणींतून निघणारे हिरवट, पांढरे सुंदर स्फटिक बहुधा अपोफिलाइट वा झिओलाइट गटातले असतात. तेही सिलिकेटच, पण वैक्रान्त नव्हेत.

स्फटिक हाती आल्यावर प्रथम भिंगातून त्याच्या बाजू पाहाव्यात. तुरमलीच्या स्तंभावर लांबीला समांतर बारीक रेघा असतात. क्वार्ट्झच्या स्तंभावर त्या आडव्या असतात, एवढा एक भेद लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते. मग आडवा छेद पाहावा. तुरमलीचा छेद बहुधा फुगीर कडांच्या त्रिकोणासारखा असतो. खनिजांत हा आकार इतका विरळा आहे की तो स्पष्ट दिसला तर फारशी शंका उरत नाही. तुटलेला स्फटिक असमान, दगडी कोळशासारखा भंगतो. हॉर्नब्लेंड हे काळे खनिज तुरमली समजून घेतले जाण्याचा संभव असतो. ते मात्र दोन ठराविक दिशांनी चकचकीत पातळीत फुटते.

त्यानंतर काठिण्य. तुरमलीचे काठिण्य ७ ते ७.५ असते, म्हणून ती काचेवर ओरखडा काढते आणि चाकूला दाद देत नाही. फ्लोरस्पारचे काठिण्य ४; चाकूच्या टोकाने त्यावर सहज रेघ उमटते. ज्याला वज्राच्या जागी बसवायचे ते द्रव्य चाकूने कोरले जात असेल, तर वैद्याने तेथेच थांबावे.

शंका उरल्यास अग्निपरीक्षा आहे. फ्लोरस्पारचा लहानसा तुकडा अंधारात तापविला असता तो बहुधा मंद प्रकाश देतो आणि तडतडून फुटतो. तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांची काळजी घ्यावी. तुरमली तापून निवत असताना विद्युत्‌भारित होते व बारीक राख ओढून घेते. अठराव्या शतकाच्या आरंभी सिंहलद्वीपातून हे खडे नेणाऱ्या डच व्यापाऱ्यांनी याच गुणावरून तिला राख ओढणारा खडा म्हटले. लोह अधिक असलेल्या काळ्या तुरमलीत हा गुण क्षीण असतो. तिने राख ओढली नाही म्हणून ती त्याज्य ठरवू नये.

कुलत्थ क्वाथातील स्वेदन, पुढे गंधक व निंबूरसाची पुटे, हे सर्व संस्कार या परीक्षेनंतरचे. संस्काराने फ्लोरस्पारची तुरमली होत नाही. जे वैद्य स्वतः खाणीपर्यंत जाऊ शकत नाहीत त्यांनी व्यापाऱ्याकडून चूर्ण कधीही घेऊ नये, शिळेला चिकटलेले स्फटिक मागावेत. प्रत्येक खेपेतील एक अखंड स्फटिक प्राप्तिस्थान व दिनांकाच्या चिठ्ठीसह बाजूला ठेवावा, म्हणजे पुढे भस्माविषयी प्रश्न उद्भवल्यास भूवैज्ञानिकाच्या हाती देण्यास मूळ द्रव्य उपलब्ध राहील.