बैलाला डोळे होते, गाडीला नाहीत

पूर्वी बाजाराहून परतणारा गडी बैलगाडीतच झोपायचा. अंगावर घोंगडी, हातात सैल कासरा आणि घोरणे चालू. बैलांना घरची वाट ठाऊक असे. खड्डा आला तर ते बाजूने जात. समोर माणूस दिसला तर थबकत. गडी जागा व्हायचा तो आपल्या गोठ्यापाशी.

आज तोच गडी मोटारसायकलवर बसतो. मोटारसायकलीला दिवा आहे, पण डोळा नाही. भोंगा आहे, पण कान नाही. चालवणाऱ्याचे डोळे तेच तिचे डोळे. ते डोळे फोनकडे वळले की गाडी आंधळी झाली. आणि आंधळी झाली म्हणून ती काही थांबत नाही, पळतच राहते.

कुणी म्हणेल, "एवढंसं तर बघितलं! क्षणाचं काम." चला, आपण तो क्षण मोजू. गणित सोपे आहे.

गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. म्हणजे ती एका मिनिटात एक किलोमीटर, म्हणजेच 1000 मीटर जाते. मिनिटाचे सेकंद 60. हजाराला साठाने भागा. सेकंदाला जवळजवळ 17 मीटर झाले. आता खिशातून फोन काढायचा आणि कुणाचे नाव आहे ते वाचायचे. याला तीन सेकंद तरी लागतात. तेवढ्यात गाडी 50 मीटर पुढे गेली. मीटरचा अंदाज येत नसेल तर रानाच्या मापाने पाहू. गुंठ्याची बाजू 33 फूट. 50 मीटर म्हणजे सुमारे 165 फूट. एकापुढे एक पाच गुंठे मांडा. तेवढी वाट गाडी आंधळेपणाने गेली.

बरे, मान वर केली आणि समोर कुणी दिसले, तर गाडी लगेच थांबते का? नाही. डोळ्यांनी पाहिले, मनाला कळले, मग पाय ब्रेकवर गेला. यात आणखी एक सेकंद जातो. म्हणजे आणखी दीड गुंठा. खरा ब्रेक त्यानंतर लागतो.

या पाच-सहा गुंठ्यांत कोण असेल ते आपल्या धाराशिव जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. नवरात्रात तुळजापुराहून ज्योत घेऊन पोरे आपापल्या गावी धावत निघतात. कोजागिरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो माणसे आई भवानीच्या दर्शनाला पायी येतात. त्यांत म्हातारी माणसे असतात, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया असतात, अनवाणी चालणारे असतात. पुष्कळजण उन्हाच्या भयाने रात्रीच चालतात. सोलापूर ते तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर. पहाटेपर्यंत पाय जड होतात आणि माणूस नकळत रस्त्याच्या मधे येतो. त्याने बाजूला व्हावे हे ठीक. पण तो थकलेला आहे आणि आपण बसलेलो आहोत. जो बसलेला आहे त्याने जास्त जपायचे, असे आम्हांला वाटते.

यात्रा वर्षातून थोडे दिवस. उसाचा हंगाम मात्र चार-पाच महिने चालतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगराएवढा ऊस. त्यात टेप इतका मोठा लावलेला की मागच्याचा भोंगा ऐकू येत नाही. मागची एस.टी. वाट मागते आहे, ट्रॅक्टरवाला गाण्यात दंग. रात्र जागून काढायची असते, झोप येऊ नये म्हणून गाणे लावतो, असे ते म्हणतात. त्यांचे कष्ट आम्ही जाणतो. पण झोप गाण्याने जात नाही, झोपल्यानेच जाते. गाणे लावायचेच तर हळू लावावे. भरलेला ट्रॅक्टर रिकाम्यासारखा चटकन थांबत नाही, हे चालवणाऱ्याला आम्ही काय सांगावे!

काही शहाणे कानात बोंडे घालून बोलतात. म्हणतात, "हात मोकळे हायत की." हात मोकळे असतील, मन कुठे मोकळे आहे? मन बांधावरच्या भांडणात, नाही तर पोरीच्या सोयरिकीत. डोळे उघडे असूनही समोरचे दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरत गाडी चालवणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि कानातल्या बोंडांनी तो फारसा कमी होत नाही.

इथे एक गोष्ट घरच्या माणसांनाही सांगायची आहे. फोन घेणारा एक, पण करणाराही एक असतोच ना? धनी गावाहून निघाला की घरून फोन सुरू. "कुठवर आलाव? येताना साखर आणा." तो बिचारा मान वाकडी करून, खांद्यात फोन धरून उत्तर देतो. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा, "गाडीवर हाव का?" हो म्हणाला की लगेच फोन ठेवावा. साखरेचे तो थांबल्यावर सांगता येते. मालकांनीही आपल्या ड्रायव्हरला घडीघडी फोन करू नये.

2022 साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसे गेली. त्यांत शंभरातली 44 दुचाकीवरची होती, आणि सुमारे 20 पायी चालणारी. पायी चालणाऱ्याने कुणाला धडक दिली नव्हती.

कायदाही कडक आहे. 2019 साली मोटार वाहन कायदा सुधारला. हातात फोन धरून गाडी चालवणे हे धोकादायक चालवणे ठरले. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाल्यावर जखमीला टाकून पळणे हाही गुन्हा आहे. ज्याची गाडी धडकली त्यानेच जखमीला दवाखान्यात पोचवण्याची तजवीज करायची असते.

बघणारे मात्र पुढे येत नाहीत. "पोलिसांच्या लफड्यात कोण पडतो?" म्हणतात. ही भीती आता धरू नये. त्याच 2019 च्या सुधारणेने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याची इच्छा नसेल तर नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

अशा वेळी 108 नंबर फिरवावा. त्याला पैसे पडत नाहीत. पलीकडचा माणूस विचारतो, "कुठं झालं?" तिथे पुष्कळजण गडबडतात. "इथंच, लिंबाच्या झाडापाशी," असे सांगतात. लिंबाची झाडे वाटेवर शंभर! रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड रोवलेले असतात. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गावर, हिरव्या डोक्याचा राज्य रस्त्यावर. दगडावर पुढच्या गावाचे नाव आणि आकडा असतो. तुम्ही आता अक्षरे लावू लागला आहात. दगडापाशी जा, गावाचे नाव आणि आकडा वाचा, आणि तेच फोनवर सांगा.