पाण्याची भीती नको, पाण्याची समज हवी

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या वस्तीतली सात-आठ घरं मिळून जंगलाच्या कडेच्या एका पाझर तलावावर गेलो होतो. भाकरी, पिठलं, ठेचा आणि पोरांसाठी चिवडा एवढी शिदोरी होती. सागाच्या झाडीतून पाऊण तास चालून सगळ्यांनाच कडकडून भूक लागली. जेवणं झाल्यावर बारा वर्षांचा एक पोरगा हात धुवायला काठावर गेला आणि शेवाळावरून घसरला.

तो ओरडला नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत होतं आणि हात नुसते पाण्यावर आपटत होते. त्याचा मामा उडी घ्यायला धावला, पण त्यालाही पोहता येत नव्हतं. एका आजीनं मामाचा दंड धरून त्याला मागं ओढलं, पाण्याच्या रिकाम्या कॅनला झाकण लावलं आणि कॅन पोराकडं फेकला. "पोरा, कॅन धर! छातीशी धर, सोडू नको!" तोवर दोघींनी ओढण्यांना गाठ मारून फेकल्या. पोरगा बाहेर आला.

परतताना काहीजण म्हणाले, आता पुन्हा पाण्याकडं जायचं नाही. मला ते पटलं नाही. लेकरू कधी ना कधी पाण्याजवळ जाणारच. नदी आहे, विहीर आहे, आता गावोगावी शेततळी झाली आहेत. शेततळ्याचं प्लॅस्टिक इतकं निसरडं असतं की आत पडलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. पाण्यापासून पळून हा धोका टळत नाही. पाणी ओळखावं लागतं.

चालणं कशासाठी?

"आम्ही तेंदूपत्त्याला, मोहाला जंगलात जातोच की. पुन्हा फिरायला कशाला?" असं आपल्या आयाबहिणी विचारतात. डोक्यावर ओझं घेऊन, पोटासाठी केलेली पायपीट शरीर थकवते. मोकळ्या हातानं, गप्पा मारत चालणं मनाचा ताण उतरवतं. शिवाय वस्तीत शिवणयंत्रावर, दुकानात, ऑटोत दिवसभर बसून काम करणारेही आता खूप आहेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. नियमित चालण्यानं रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवायला मदत होते. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

कुठं जावं?

आपल्या किनवट तालुक्याला जंगल आणि पाणी दोन्ही लाभलं आहे. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत पसरलेलं पैनगंगा अभयारण्य इथंच आहे. साग, मोह, तेंदू, पळस ही झाडं आपल्या ओळखीची. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीनंच जावं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात तेव्हा पहाटे तिथं अस्वल येतं, म्हणून ऊन पडल्यावर, चार-पाच जणांनी मिळून निघावं.

पैनगंगेवरच इस्लापूरजवळ सहस्रकुंडचा धबधबा आहे. तो लांबून डोळे भरून पाहावा. खडक गुळगुळीत आहेत, कुंडं खोल आहेत. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की इथं आभाळ निरभ्र असतानाही नदी चढू शकते. तिथं उतरून आंघोळ किंवा फोटो नको.

होडीत बसायची हौस असेल तर जिथं लाइफ जॅकेट देतात आणि लक्ष ठेवायला माणूस असतो, तिथंच बसावं. आपण दीक्षाभूमीला जातो, तेव्हा एक दिवस जास्त काढता आला तर नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, रामटेकजवळ डोंगर-झाडीनं वेढलेला खिंडसी तलाव आहे. तिथं नौकाविहार चालतो. पायानं चालवायच्या होडीत मांड्या-पोटऱ्यांना चांगला व्यायाम होतो.

निघण्याआधी

• पायात बूट किंवा मागून पट्टा असलेली चप्पल हवी. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत. खिशात गूळ किंवा साखर ठेवावी.

• विदर्भाला लागून असलेल्या आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांनी फिरायला जरूर यावं, पण दमेपर्यंत चालू नये, वरचेवर पाणी प्यावं आणि थंड पाण्यात डुंबू नये. पाणी कमी पडलं किंवा अंग गारठलं तर वेदनेचा झटका येऊ शकतो. घरात कोणाची तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्यावी.

• साप चावल्यास जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला चालवू नये. १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावं. किनवटकरांना गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे.

• दारू पिऊन पाण्याजवळ जाऊ नये. आपलं पंचशील इथं जीवही वाचवतं.

कोणी बुडत असेल तर

पोहता येत नसेल तर उडी मारू नका. ओरडून माणसं बोलवा. दोर, ओढणी, साडी, काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते द्या. स्वतः ओढले जाऊ नये म्हणून काठावर आडवे होऊन ओढा. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडानं श्वास द्या आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या.

जगात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात. त्यात लहान मुलं आणि तरुण फार.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. ज्या तळ्यांच्या काठावर आपल्या आजा-पणजांना उभं राहू दिलं नाही, तिथं पोहायला ते शिकणार कुठं? ती उणीव आपल्याकडं वारशानं आली आहे. ती आपल्या पिढीत भरून काढता येईल. वस्तीत पोहता येणारा एखादा जाणता असेल तर त्याला धरा. कमरेएवढ्या पाण्यात, मोठ्यांच्या देखत, मुलांबरोबर मुलींनाही शिकवा.

तो पोरगा आता पोहायला शिकतोय. काठावर आजी बसलेली असते, झाकण लावलेला कॅन शेजारी ठेवून.