इस्त्री रुसलीय? नो टेन्शन!

सकाळचे पावणेआठ. दहाला इंटरव्ह्यू. कपडे अजून इस्त्रीवाल्याकडेच, रूमवरची इस्त्री गेल्या महिन्यात जळालेली, आणि बॅगेतून निघालेला एकुलता एक पांढरा शर्ट असा, की रात्रभर कुणीतरी त्याची उशी केली होती! आता?

आधी सुरकुतीचं गुपित ऐका. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. ओल लागली की हे बंध सुटतात आणि कापड ज्या अवस्थेत वाळेल, त्याच अवस्थेत पुन्हा जुळतात. चुरगळलेलं वाळलं तर चुरगळलेलं, ताणून वाळलं तर सरळ! म्हणजे खरं काम पाण्याचं आणि ताणाचं. इस्त्री ते फक्त झटपट उरकते.

अर्धा तास आहे?
आंघोळीला जाताना शर्ट हँगरवर, वरचं बटण लावून बाथरूममध्ये टांगा. गरम पाणी, दार-खिडकी बंद. १५ मिनिटांनी शिवणी दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणा, तळव्याने वरून खाली सपाट करा आणि शर्ट पंख्याखाली लावा.

दहाच मिनिटं?
स्प्रे बॉटलने शर्ट जेमतेम दमट करा आणि कापड ताणून धरत वीतभर अंतरावरून हेअर ड्रायर फिरवा. कॉलर आणि बटणपट्टीसाठी हेअर स्ट्रेटनर मस्त! फक्त प्लेट्सवरचं सीरम आधी पुसा आणि हीट कमी ठेवा.

लाइटच गेलीय?
मग आजीचा फंडा. सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात अर्ध्यापर्यंत उकळतं पाणी घ्या, बूड पुसून कोरडं करा, सांडशीने घट्ट धरा आणि दमट शर्टावरून फिरवा. पूर्वी याच कामाला तांब्यात निखारे भरत.

अख्खी रात्र हाताशी?
हॉस्टेलवाल्यांना सांगायला नकोच. पँटची घडी जुळवा, स्वच्छ चादरीत ठेवून गादीखाली सरकवा. पँट पूर्ण कोरडी हवी, नाहीतर कुबट वास तुमच्याआधी केबिनमध्ये पोचेल!

रेशमी कपड्यावर मात्र पाणी शिंपडू नका, डाग राहतात. पॉलिएस्टरला नुसतं पाणी पुरत नाही. त्याला ऊब लागते, तीही बेताची.

आणि सगळ्यात मोठी चूक? ओलसर शर्ट घालून थेट रिक्षात बसणं. कोपर आणि कंबर जिथे दुमडेल, तिथे नव्या सुरकुत्या पक्क्या! पाच मिनिटं थांबा, शर्ट खडखडीत वाळू द्या.

तरीही एखादी घडी उरलीच तर? २०२४ मध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. चेतन सिंग सोळंकी यांनी वीज वाचवण्यासाठी ‘रिंकल्स अच्छे हैं’ म्हणत सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायची हाक दिली होती. पण इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी ती ऐकली असेल, या भरवशावर राहू नका. पातेलं चढवा!