आधी मांडणी, मग खरेदी

गणपतीच्या मिरवणुकीत नागीण धून सुरू झाली, की तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळणारा एक तरी पठ्ठ्या निघतोच. ही धून गारुड्याच्या पुंगीची, असं त्याला आणि बघणाऱ्यांनाही वाटत असतं. पण १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली ती गाजलेली बीन कल्याणजी वीरजी शाह यांनी वाजवली होती क्लॅव्हायोलिनवर. हे विजेवर चालणारं, पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य फ्रान्समधल्या कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलं. त्यातून एका वेळी एकच स्वर निघायचा. कल्याणजींनी ही मर्यादाच कामाला लावली आणि अख्ख्या देशाला डोलवलं. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे मोठ्या शहरातल्या क्लबचं फॅड, असं मानणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की आपल्या गल्लीत ते सत्तर वर्षांपासून वाजतं आहे.

आता आपल्याच पट्ट्याकडे येऊ. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचं, कागल तालुक्यातलं बिद्री म्हटलं, की आधी आठवतो दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगामाची तयारी लागते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. पुढे लग्नसराई, गावोगावच्या यात्रा, तरुण मंडळांचे कार्यक्रम. कागल, भुदरगड, राधानगरीच्या या पट्ट्यात हलगी, घुमकं, कैताळ यांच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बेंजो आता रुळले आहेत. चार पोरं एकत्र येऊन ग्रुप काढायचा म्हणाली, की पहिला प्रश्न ठरलेला: कुठला कीबोर्ड घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. आधी कुठे वाजवणार, वीज कुठून येणार, हातानं काय करणार आणि मध्येच काही बंद पडलं तर काय, हे ठरवावं. यंत्राचं नाव त्यातूनच निघतं.

वाद्यांची ओळख

बेंजोपासून सुरुवात करू. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोत आहे; नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी ते १९१२ मध्ये तयार केलं. तारा, त्यांवर दाबायच्या कळा आणि खाली लाकडी पेटी. मिरवणुकीच्या गोंगाटात त्याचा नाजूक आवाज टिकेना, म्हणून त्याला पिकअप बसला, मग ॲम्प्लिफायर जोडला गेला. तारेचं कंपन विजेच्या लहरीत बदललं, की ते हवं तेवढं मोठं करता येतं.

ऑक्टोपॅडचं तंत्र वेगळं. रोलँड कंपनीनं १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. रबरी पॅडखालचा सेन्सर काठीचा घाव किती जोरात बसला ते मोजायचा आणि मिडी वायरीतून तो आकडा दुसऱ्या यंत्राला कळवायचा. आवाज त्या यंत्रातून निघायचा. नंतरच्या मॉडेलांत आवाज आतच भरून येऊ लागले. म्हणून एकाच पॅडवर ढोलकीची थाप, दुसऱ्यावर डफ आणि तिसऱ्यावर काच फुटल्याचा आवाज ठेवता येतो. १९८३ मध्ये ठरलेल्या या मिडी भाषेमुळे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागलं. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, जातात त्या सूचना: कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. नेहमीची पाच पिनांची वायर पंधरा मीटरपेक्षा लांब नसावी.

तिसरा प्रकार अरेंजर कीबोर्डचा. डाव्या हातानं सूर धरला, की मागे ठेका, बेस, साथ सगळं आपोआप सुरू होतं. यामाहानं खास भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय मालिकेत तबला, तानपुरा आणि आपले ठेके दिलेले आहेत. एकट्यानं कार्यक्रम ओढायचा असेल तर हे यंत्र मोठा आधार देतं. फक्त ठेका यंत्राचा असला, की शेजारचा हलगीवाला अडचणीत येतो. ते पुढे पाहू.

तीन यंत्रांचा धडा

मुंबईतल्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक रेकॉर्ड केली. एचएमव्हीनं ती काढली. त्यात मुख्य यंत्रं तीन आणि तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. मिडी अजून यायचा होता, तरी त्यांनी ही यंत्रं एकमेकांच्या वेगाशी बांधून घेतली. रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाच्या ध्यानात आलं, की शिकागोच्या ॲसिड हाउस या नाचाच्या संगीतामुळे टीबी-३०३ चं नाव झालं त्याच्या कितीतरी आधी मुंबईत त्याच यंत्रावर राग वाजून गेले होते. उतारवयात सिंग यांनी परदेशांतल्या मंचांवर हे संगीत वाजवलं. २०१५ मध्ये ते गेले.

आजच्या फोनमध्येही या तिन्ही यंत्रांहून जास्त आवाज भरता येतात. सिंग यांच्याकडे होती ती यंत्रांची ओळख. प्रत्येकाचं काम ठरलेलं: एकावर ताल, एकावर बेस, एकावर रागाची सुरावट. मंचावर न्यायच्या प्रत्येक वस्तूला असं एका वाक्यात काम सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती घरी ठेवावी.

निवडताना

कार्यक्रमाची गाणी कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे तीन रकाने करावेत: हातानं काय वाजणार, आधी भरून काय ठेवणार, कोण गाणार. भरलेलं जास्त आणि हाताचं कमी असेल, तर लोक पेनड्राइव्ह ऐकायला आले आहेत असं समजावं. हातानं वाजवायचं ते महागाचं घेतलं तरी चालेल. भरून ठेवायचं ते साध्या सॅम्पलरवर किंवा फोनवरही भागतं.

लॅपटॉप घ्यावा का? घ्यावा, पण त्याचा उशीर मोजून. लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्यांनी तयार करतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशोबात २५६ नमुन्यांचा तुकडा म्हणजे साधारण सहा मिलिसेकंदांचा उशीर. १,०२४ चा तुकडा म्हणजे तेवीस. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. म्हणजे तेवीस मिलिसेकंद उशिरानं वाजणारा पॅड आठ मीटर लांबून ऐकू आल्यासारखा वाटतो आणि ठेका हातातून निसटतो. तुकडा फार लहान केला तर लॅपटॉप धापा टाकतो, आवाजात टकटक येते. म्हणून ताल ऑक्टोपॅडवर आणि मागची भरण लॅपटॉपवर, ही वाटणी सोयीची पडते.

गायकाची पट्टीही खरेदीआधी बघावी. कोण काळी एक घेतो, कोण पांढरी चार. कीबोर्डवरचं ट्रान्सपोज बटण दाबलं, की तीच बोटं वेगळ्या पट्टीत वाजतात. हे बटण मेनूच्या चार पायऱ्या आत दडलेलं असेल तर अंधारात सापडत नाही. साथीला जुनी पेटी असेल तर तिचा सूर ४४० हर्ट्झच्या हिशोबाशी जुळेलच असं नाही. तेव्हा सूक्ष्म ट्यूनिंगची सोय हवी, कारण पेटी कार्यक्रमात जुळवता येत नाही, कीबोर्ड येतो.

आणि अडॅप्टर. दिसायला सगळे सारखे, पण कुणाच्या पिनेत मधे धन टोक असतं, कुणाच्या ऋण. व्होल्टही वेगवेगळे. चुकीचा लावला तर यंत्र कायमचं जाऊ शकतं. प्रत्येक अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून यंत्राचं नाव लिहावं.

मंचावर

वाजवणाऱ्यांनी प्रेक्षकांकडे तोंड करून एका रांगेत उभं राहायची पद्धत फोटोपुरती बरी. कीबोर्डवाला आणि ऑक्टोपॅडवाला एकमेकांचे हात दिसतील असे तिरके उभे असावेत. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर, पॅड कंबरेच्या जरा वर आणि आपल्याकडे किंचित कललेला. मिक्सर असा ठेवावा, की एक हात पट्टीवर असताना दुसरा आवाजाच्या खुंटीपर्यंत पोचेल. लॅपटॉप बाजूला. समोर ठेवला, की वादक कारकुनासारखा पडद्यात डोकं घालून बसतो.

विजेच्या वायरी एका बाजूनं आणि आवाजाच्या दुसऱ्या बाजूनं न्याव्यात. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात, म्हणजे विजेची घरघर आवाजात कमी शिरते. कीबोर्डची साधी जॅक वायर पाच-सहा मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे मिक्सर लांब असेल तर मधे डीआय बॉक्स घालून तीन पिनांच्या संतुलित वायरीनं आवाज न्यावा.

मैदानात स्टिरिओचा हट्ट धरू नये. डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला उजव्या स्पीकरमधला अर्धा ठेका ऐकूच येत नाही. बऱ्याच कीबोर्डांच्या मागे डाव्या सॉकेटजवळ ‘मोनो’ लिहिलेलं असतं. फक्त त्यातच वायर लावली, की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र मिळतो.

आता हलगीवाला. यंत्रं एकमेकांशी बांधायची असतील तर वेग ठरवणारं यंत्र एकच असावं. मिडीचं घड्याळ एका मात्रेला चोवीस ठोके पाठवतं आणि बाकीची यंत्रं त्यामागे चालतात. पण हलगी त्या घड्याळाला बांधलेली नाही. यात्रेत रंग भरला, की हलगी चढत जाते, आणि तिनं चढावंच. अशा वेळी भरलेला ठेका बंद करून पॅड हातानं वाजवावा. भरलेलाच ठेका हवा असेल तर हलगीवाल्याच्या कानात टकटक पोचेल असा छोटा मॉनिटर त्याच्याजवळ ठेवावा. माणूस आणि यंत्र दोघंही एकाच वेळी वेग ठरवायला लागले, की कार्यक्रम पडतो.

वीज, पाऊस आणि दव

घरात मिळणारी २३० व्होल्टची वीज मांडवात तशीच मिळेल हा भरवसा नको. बेसचा मोठा ठोका पडला, की छोट्या जनरेटरचा दाब खाली येतो आणि कीबोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून ॲम्प्लिफायरची लाइन वेगळी ठेवावी. कीबोर्ड, पॅड, लॅपटॉप आणि मिक्सर मिळून फारशी वीज खात नाहीत. त्यांना एक चांगला यूपीएस पुरतो. ॲम्प्लिफायर मात्र यूपीएसवर टाकू नये.

स्पीकरमधून सतत हूं ऐकू आलं तर ती बहुधा ५० हर्ट्झची घरघर असते: दोन यंत्रांना दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग मिळतं आणि त्यांच्यात वर्तुळ तयार होतं. सगळी वाद्यं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यावीत किंवा डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबावं. प्लगची अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवणारे उस्ताद भेटतात. तो उपाय जिवावर बेतणारा आहे, खास करून ओल्या मैदानात, हातात लोखंडी माइक असताना.

चालू करताना आधी वाद्यं, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. असं केलं नाही तर चालू-बंद करतानाचा धक्का थेट स्पीकरच्या कोनला बसतो.

गणेशोत्सवात आपल्याकडे पाऊस हटलेला नसतो, आणि थंडीत रात्री दव पडतं. पावसाच्या प्लास्टिकखाली चालू यंत्र गुंडाळलं तर ते तापतं. वर छत आणि बाजूनं हवा, असं आच्छादन हवं. ऊसपट्ट्यात पाचट पेटवल्याची काजळी उडते आणि खुंट्यांच्या फटीत बसते. कार्यक्रम संपल्यावर कोरड्या ब्रशानं झाडून मगच यंत्रं पेटीत भरावीत.

दहाच्या आत

मंडळाच्या बैठकीत ‘डॉल्बी लावायचा का’ यावर तासभर वाद होतो. कायद्याचे आकडे फार कमी वेळा काढले जातात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. म्हणजे गावठाणात दिवसा हिशोब ६५ चा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

मांडणीला याचा उपयोग असा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं, की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो. एका मीटरवर १०० असलेला आवाज दोनवर ९४, चारवर ८८, आठवर ८२ आणि सोळावर ७६. एकाच ठिकाणी स्पीकरची भिंत उभी केली, तर शेवटच्या रांगेला ऐकू जाण्यासाठी पहिल्या रांगेचे कान फोडावे लागतात. तेवढेच स्पीकर लहान करून प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना अंतरानं लावले, तर प्रत्येकाला जवळून ऐकू येतं आणि हद्दीबाहेर कमी जातं. बेंजोची तार आणि पॅडची हलकी थापही कळते.

तालमीचा शेवटचा दिवस

गाणी बसली, की एक तालीम वेगळ्या हिशोबानं करावी. आवाज बेताचा ठेवून एकानं न सांगता मिक्सरवरचा एक चॅनेल बंद करायचा, कधी अडॅप्टर काढायचा, कधी लॅपटॉप मिटायचा. बाकीच्यांनी थांबायचं नाही. कीबोर्ड गेला तर बेंजोनं सूर धरायचा, पॅड गेला तर हलगीनं ठेका उचलायचा, सगळंच गेलं तर फोनवरचं गाणं मिक्सरच्या राखीव चॅनेलमधून सोडायचं. प्रत्येक वेळी काय घडलं ते वहीत लिहावं. ज्या वस्तूवाचून गाणं चालू राहिलं, तिच्यावर जास्त पैसा घालायची घाई नाही. जिच्यावाचून ते थांबलं, तिची दुसरी जोड ही पुढची खरेदी. ती बहुतेक वेळा नवा कीबोर्ड नसते. एखादा अडॅप्टर, दोन वायरी किंवा कोपऱ्यात गप्प बसलेला, पण ठेक्याचा पक्का हलगीवाला असतो.