डेटाबेसमधले नंबर मध्येच गायब का होतात? ते कसे शोधायचे?

ऑनलाइन ऑर्डर असो की सोसायटीची सभासद यादी, डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला एक वेगळा क्रमांक असतो. त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. एकच क्रमांक दोन नोंदींना मिळत नाही. पण यादी नीट पाहिली तर मधले काही क्रमांक सुटलेले दिसतात.

क्रमांक का सुटतात?

पहिले कारण म्हणजे नोंद डिलीट होणे. दुसरे म्हणजे अर्धवट राहिलेला व्यवहार. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये सीक्वेन्समधून एकदा घेतलेला क्रमांक व्यवहार रद्द झाला तरी परत येत नाही. त्यामुळे सुटलेला प्रत्येक क्रमांक म्हणजे घोटाळा नव्हे.

कसे शोधायचे?

समजा, फाइलमध्ये 1, 2, 3, 6, 7, 9 हे क्रमांक आहेत. शेवटचा क्रमांक 9, पण नोंदी 6. म्हणजे 3 क्रमांक सुटले. आता प्रत्येक क्रमांक त्याच्या पुढच्या नोंदीशी ताडून पाहायचा. 3 नंतर थेट 6 येतो, म्हणजे 4 आणि 5 नाहीत. 7 नंतर 9 येतो, म्हणजे 8 नाही.

एसक्यूएलमध्ये हेच काम ‘लीड’ फंक्शन करते. एक्सेलमध्ये क्रमांक चढत्या क्रमाने लावा आणि शेजारच्या कॉलममध्ये खालच्या क्रमांकातून वरचा वजा करा. उत्तर 1 पेक्षा जास्त आले, की तिथे क्रमांक सुटला आहे.

रिकामा क्रमांक पुन्हा वापरावा का?

शक्यतो नाही. 8 क्रमांकाचा सभासद निघून गेला, तरी त्याच्या जुन्या पावत्या 8 याच क्रमांकावर राहू शकतात. तोच क्रमांक नव्या सभासदाला दिला, तर जुनी थकबाकी त्याच्या नावावर दिसेल.

क्रमांक संपतील ही भीतीही बहुतेकदा अनाठायी असते. साध्या 32 बिट पूर्णांकाची मर्यादा 2,14,74,83,647 आहे. मोठ्या सेवांना मात्र तीही अपुरी पडते. बेसकॅम्प ही सेवा नोव्हेंबर 2018 मध्ये याच मर्यादेला धडकली आणि काही तास तिथे नवीन काही साठवता येत नव्हते. अशा वेळी उपाय म्हणजे 64 बिट क्रमांक.

बिलांचे काय?

इथे नियम वेगळा आहे. जीएसटी बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात. त्यामुळे बिल रद्द झाले तर नोंद डिलीट करू नका, त्यावर ‘रद्द’ असा शेरा ठेवा. क्रमांक जागेवर राहिला, की हिशेब तपासणाऱ्याला उत्तरही जागेवरच मिळते.