कॅरेक्टर चालतं कमी, घसरतं जास्त? मग शहापूर-मुरबाडची चाल बघा

फ्लिपाक्लिपमध्ये स्टिकमॅन उडी मारतो, बॉल टाकतो, तलवारही फिरवतो. पण त्याला नुसतं चार पावलं चालायला लावा, लगेच गडबड! पाय शेवाळावरून घसरल्यासारखे सरकतात आणि वरचं धड दोरीला टांगल्यासारखं पुढे जातं. अ‍ॅनिमेशन शिकायला घेतलेले बरेच जण इथेच अ‍ॅप डिलीट करतात.

मित्रांनो, दोष तुमच्या चित्रकलेचा नाही. माणसाची चाल आपण जन्मापासून बघतोय, त्यामुळे त्यातली बारीकशी चूकही डोळ्याला लगेच खटकते. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. माणसाच्या मुख्य सांध्यांवर चमकते ठिपके लावले आणि फक्त तेच हलताना दाखवले. चेहरा नाही, कपडे नाहीत. तरी बघणाऱ्यांनी पटकन ओळखलं की हा माणूस चालतोय. म्हणजे डोळे-केस नंतर काढा, आधी काड्यांचा माणूस पुरे.

(काड्यांवरून आठवलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये खरोखर आगपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवून 'आगकाड्यांची मौज' बनवली होती. आपल्या हातात निदान अनडू बटण तरी आहे.)

आता हिशोब. साधारण चालीत आपण एका सेकंदाला दोन पावलं टाकतो. फ्लिपाक्लिपमध्ये स्पीड १२ फ्रेम्स ठेवा. मग दोन पावलांचं पूर्ण चक्र, म्हणजे वॉक सायकल, १२ चित्रांत बसतं. चित्र १ मध्ये पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकलेली, दोन्ही पाय सगळ्यात लांब. चित्र २ मध्ये त्या पायावर वजन येतं, गुडघा थोडा वाकतो, शरीर सगळ्यात खाली. चित्र ४ मध्ये मागचा पाय उभ्या पायाच्या बाजूने पुढे जातो. चित्र ५ मध्ये उभ्या पायाची टाच उचलली जाते आणि शरीर सगळ्यात वर. चित्र ७ म्हणजे पुन्हा चित्र १, फक्त पाय बदललेले. ८, १०, ११ तसेच. उरलेली चित्रं मधली भर. तेरावं चित्र काढायचं नाही! ते पहिलंच असतं. काढलंत तर दर सेकंदाला चाल अडखळते.

हात उलटे: उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे. खांदे आणि कंबरसुद्धा एकमेकांच्या उलट वळतात.

आता घसरण्याचा इलाज. समजा कॅरेक्टर ४०० पिक्सेल उंच आहे आणि दोन पावलांत ३०० पिक्सेल अंतर कापतं. ३०० भागिले १२, म्हणजे दर फ्रेमला २५ पिक्सेल. कॅरेक्टर जागच्या जागी चालवत असाल, तर जमिनीवर टेकलेला पाय प्रत्येक चित्रात बरोबर २५ पिक्सेल मागे गेला पाहिजे. एकदा २५, एकदा ४० असं झालं की पाय घसरलाच. बॅकग्राउंडही त्याच २५ च्या वेगाने मागे न्या. आधीचं चित्र पुसट दाखवणारं ओनियन सेटिंग ऑन ठेवलं तर हे अंतर डोळ्यांनी मोजता येतं. डोकं मात्र १२ पिक्सेल वर-खाली व्हायला हवं. खऱ्या माणसात ते साधारण ५ सेंटिमीटर असतं. हे विसरलात तर माणूस ट्रॉलीवर उभा असल्यासारखा दिसतो.

एवढं जमलं की चाल बरोबर दिसते, पण ती कोणाचीच नसते. लॅपटॉपवर थ्रीडी करणाऱ्यांना मिक्सामोसारख्या साइटवर रेडीमेड चाली फुकट मिळतात. त्या वाईट नाहीत, मीही वापरतो. पण त्या सपाट जमिनीवरच्या चाली आहेत. ती चाल शहापूरच्या एखाद्या पाड्यावरच्या आजीला लावली, तर नऊवारी नेसवूनही ती आजी कुठल्या तरी मॉलमधलीच वाटणार.

खरी आजी कशी चालते? भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. हंडा हिंदकळला तर पाणी सांडणार, आणि पाणी सांडलं तर पुन्हा खेप. म्हणून इथे आपला वरचा नियम उलटा होतो. डोक्याचं वर-खाली १२ वरून ४ पिक्सेलवर आणा. पावलं आखूड, ३०० ऐवजी २४०, म्हणजे दर फ्रेमला २०. गुडघे पूर्ण ताठ होत नाहीत, धक्का कंबर आणि गुडघे खातात. एक हात हंड्याला, म्हणून दुसराच झुलतो. मान आणि पाठ सरळ. रिकामा हंडा घेऊन जाताना याच बाईची चाल वेगळी असते. दोन्ही काढून शेजारी शेजारी लावा, हंड्यावर रंग न भरताही भरलेला कोणता ते कळलं पाहिजे. या कौशल्यावर संशोधनही झालंय. केनियातल्या डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायकांवरचा एक अभ्यास १९८६ मध्ये 'नेचर' मासिकात आला. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं नेताना त्यांना चालायला जास्तीची ऊर्जा लागत नाही, असं त्यात दिसलं.

मुरबाडकडे पावसाळ्यात गेलात तर आणखी दोन चाली मिळतील. भाताच्या बांधावर जागाच वीतभर, त्यामुळे पावलं एका रेषेत पडतात आणि तोल सांभाळायला हात बाहेर येतात. चिखलात पाय आधी टाचेने सुटतो, बोटं खाली लोंबतात, गुडघा जास्त वर येतो आणि पाय सुटताना एक-दोन फ्रेम उशीर होतो. तो उशीर म्हणजेच चिखल. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढणारा माणूस पुढे झुकतो, कधी गुडघ्यावर हात टेकतो.

रेफरन्ससाठी फोन कमरेच्या उंचीवर, बाजूने, न हलवता ठेवा आणि स्लो मोशनमध्ये शूट करा. व्हिडिओ १२० फ्रेम्सचा असेल तर दर दहावी फ्रेम घेतली की तुमची १२ चित्रं तयार. फक्त विहिरीवरच्या बायकांचे चोरून व्हिडिओ काढू नका. घरातल्या आईला किंवा आजीला विचारा. नाहीतर मित्राच्या डोक्यावर पाण्याने भरलेली कळशी द्या आणि त्याला अंगणात दहा पावलं चालायला लावा. पहिल्या दोन पावलांतच तो गुडघे वाकवायला लागेल, तिथूनच फ्रेम्स घ्या.